कानशिलावरचा दोरा

ओवादिया खल्फोनचं तोंड वाईट पण हात सोन्याचा, असं इस्रायलमधल्या साफेद गावात त्याच्या बायकोपासून सगळेच म्हणत. जुन्या वस्तीत, जिथे गल्ली संपून पायऱ्या सुरू होतात, तिथे त्याचं केस कापायचं दुकान होतं. एक खुर्ची, एक आरसा, वाट बघणाऱ्यांसाठी एक बाक आणि बाकाखाली झोपणारं एक मांजर. ते नेमकं कुणाचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की ओवादिया आधी त्याची खरडपट्टी काढायचा आणि मग केस. एखाद्याने मधल्या काळात हैफाला जाऊन दुसऱ्याकडे कापून घेतले असतील तर त्याची धडगत नसे. ‘हे कुणी केलं? मेंढ्या कातरणारा होता का?’ असं तो शांतपणे विचारायचा, आणि बाकावरचे सगळे माना वळवून त्या बिचाऱ्याच्या डोक्याकडे बघायचे. तरी लोक त्याच्याकडेच येत. बोलणी खाऊन उठलेला माणूसही आरशात बघितलं की खूश व्हायचा.

लहान मुलांशी मात्र हा माणूस वेगळाच असे. आमच्याकडे, ज्यू घरांत, मुलगा तीन वर्षांचा होईपर्यंत त्याच्या डोक्याला कात्री लागत नाही. तोवर केस खांद्यावर, पाठीवर, वाढतील तसे वाढू द्यायचे. बसमध्ये कुणी परका ‘काय गोड मुलगी आहे’ म्हणाला की आईने हसून मान हलवायची. तीन वर्षं पुरी झाली की जावळ. त्या दिवशी पाहुणे जमतात. मानाचा माणूस पहिली बट कापतो, ती कपाळाच्या वरची, जिथे मुलगा मोठा झाला की प्रार्थनेची चामडी डबी बांधणार असतो. मग ज्याला त्याला एकेक बट कापायला मिळते. आजोबा, काका, शेजारी, पार कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत सगळे हौस भागवून घेतात आणि थोड्याच वेळात पोराचं डोकं उंदरांनी कुरतडल्यासारखं दिसायला लागतं. ते डोकं पुन्हा माणसात आणायचं काम ओवादियाचं. अर्ध्या साफेदची जावळं त्याने निस्तरली होती. वसंतात मेरोनच्या यात्रेला, जिथे पोरांची जावळं रांगेने होतात, तिथेही तो पत्र्याचा डबा आणि स्टूल घेऊन जायचा. मुलांना तो कधी ओरडला नाही, कधी घाई केली नाही, आणि त्याच्या हातून कुणाच्या कानाला ओरखडासुद्धा आला नाही.

जावळाची सुरुवातही त्याच्यापासूनच व्हायची. कुणाच्या हातात कात्री पडण्याआधी तो खिशातून निळा दोरा काढी, मुलाच्या दोन्ही कानशिलांवरचे केस फणीने वेगळे करी आणि त्यांना दोऱ्याची गाठ मारी. कानशिलावरचे केस काढून टाकायचे नाहीत ही तोराची, आमच्या धर्मग्रंथाची, आज्ञा. कुणी तिथे लांब बटा ठेवतात, कुणी नुसते कल्ले, पण कानासमोरच्या हाडापर्यंत तरी केस राहिलेच पाहिजेत. “दोऱ्याच्या आतलं देवाचं, बाहेरचं पाहुण्यांचं,” असं ओवादिया सगळ्यांना बजावायचा.

दुसरा कुठलाच न्हावी असा दोरा बांधत नसे. का बांधतोस असं कुणी विचारलं की ओवादिया बाकावर बसलेल्या शाऊलकडे फणी रोखायचा. शाऊल म्हणजे त्याच्या बायकोचा, सुलतानाचा, थोरला भाऊ आणि सगळ्या गल्लीचा शाऊलमामा. बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचांचा चष्मा. त्याने एकदा मेरोनला कुण्या पोराची कानशिलावरची बट कपाळावरची समजून उडवली होती. “एकदाच झालं ते,” शाऊलमामा दर वेळी म्हणायचा, “आणि ऊन डोळ्यांवर होतं.” लोक हसायचे. पण शाऊलमामाचा तो पराक्रम फार जुना, आणि दोरा सुरू होऊन जेमतेम सात वर्षं झालेली, हे कुणी ताडून पाहिलं नाही. सुलतानाला माहीत होतं. ती मात्र त्यावर अवाक्षर काढत नसे.

ओवादिया आणि सुलतानाला एकच मुलगा, एझरा. उशिरा झालेला, म्हणून जास्तच लाडका. खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकून ओवादिया त्याला तिच्यावर बसवायचा आणि गिऱ्हाईक नसलं की त्याच्याशी आरशातून गप्पा मारायचा. पोराच्या कानशिलावर बोट ठेवून त्याने शिकवलं होतं, ‘इथून सुरू, आणि या हाडापर्यंत. याच्या वर कुणाला जाऊ द्यायचं नाही.’ एझराच्या बटा मात्र हाडापाशी कुठल्या थांबायला, त्या कॉलरपर्यंत आल्या होत्या. शनिवारी, शब्बाथच्या पवित्र दिवशी, सकाळी ओवादिया त्या पाण्याने ओल्या करून बोटाभोवती गुंडाळायचा आणि पोराला घेऊन सिनेगॉगला निघाला की गल्लीतून मुद्दाम सावकाश चालायचा.

मग एझरा सैन्यात गेला, रणगाड्यावर. पहिल्या मोठ्या सुट्टीला तो आला एका शुक्रवारी सकाळी, पाठीवरची पिशवी न उतरवता थेट दुकानात. शब्बाथच्या आधीची गर्दी, बाक भरलेला. एझराने टोपी काढली आणि ओवादियाला दिसलं की बटा नाहीत. तेल, धूळ, शिरस्त्राण, असं काहीतरी एझरा सांगू लागला. ओवादियाला ते ऐकूच गेलं नाही. सगळ्या बाकादेखत आपलं नाक कापलं गेलं, एवढंच त्याच्या डोक्यात भरलं. “बस,” तो म्हणाला. एझरा हसत बसला. त्याला वाटलं, बाप केस नीट करून देतोय.

ओवादियाने हातातलं मशीन मानेपासून जे लावलं ते कपाळापर्यंत आणलं, आणि मग या कानापासून त्या कानापर्यंत. “ठेवायचंच नसेल तर काहीच नको ठेवूस,” असं म्हणत त्याने पोराचं डोकं साफ भादरलं. बाकावरचे आधी हसले, मग गप्प झाले. काम संपल्यावर ओवादियाने सवयीने आरशात बघितलं, दोन्ही बाजू सारख्या झाल्यात का ते. दोन्ही बाजू सारख्याच होत्या, पांढऱ्याफटक. तेव्हा कुठे त्याला उमगलं की मशीनखालून गेले ते केस तिथे होते. हाडापर्यंत होते, अगदी त्याने बोटाने शिकवले होते तेवढे. पोराने बटा कापल्या होत्या, कल्ले ठेवले होते. आज्ञा मोडली ती ओवादियाने, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मुलाच्या डोक्यावर.

“मी तेवढे ठेवले होते, आबा,” एझरा म्हणाला, आणि अंगावरचं कापड काढून खुर्चीच्या पाठीवर टाकलं.

शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत शब्बाथ, त्यात प्रवास करायचा नाही, म्हणून तो तोवर घरात राहिला. डोक्यावर टोपी, खाली मान, ताटातलं निम्मं तसंच. तारे दिसले तसा उठला, आईच्या हाताचं चुंबन घेतलं आणि गेला. नंतर हैफाच्या बंदरात क्रेन चालवायला लागला. तिथल्याच दफना नावाच्या मुलीशी त्याचं लग्न झालं. लग्नाला ओवादिया गेला, पाहुण्यासारखा भिंतीला टेकून उभा राहिला, पाहुण्यासारखा जेवला. एझरा त्याच्याशी नीट बोलला, पाणी हवं का विचारलं. त्याचे केस तेव्हा मानेवर आले होते. त्या दिवसांत तरुणांत तशी फॅशनच होती, पण एझराचं कारण फॅशन नव्हतं हे बाप जाणून होता. त्या शुक्रवारनंतर तो कुठल्याच न्हाव्याच्या खुर्चीत बसला नव्हता; सैन्यात लागले तेवढे स्वतःच कापले, नंतर तेही सोडलं. पहिला मुलगा झाला तेव्हा आमच्या रीतीप्रमाणे त्याला आजोबांचं नाव मिळायला हवं होतं. त्याचं नाव योताम ठेवलं. ओवादिया काही बोलला नाही. बोलायला त्याला तोंड होतं कुठे?

तोंड नव्हतं असंही नाही. सगळ्या गावाला बोलायला ते होतंच. ‘चुकलं’ एवढा एक शब्द तेवढा बाहेर यायचा नाही. सुलताना महिन्यातून एकदा बसने हैफाला जायची, नातवाला न्हाऊमाखू घालून यायची. ती परतली की ओवादिया विचारायचा, “केस किती आलेत पोराचे?” ती हाताने आपल्या खांद्यावर, मग दंडावर, मग कोपराच्या जरा वर खूण करून दाखवायची. बाकी काही तो विचारत नसे.

डाळिंबं पिकायच्या दिवसांत कोपऱ्यावरच्या वाण्याच्या, मसऊदच्या दुकानातून हाक आली, फोन आहे म्हणून. दफना बोलत होती. योतामची तीन वर्षं पुरी झाली होती. तिच्या आईचं म्हणणं होतं, त्या जुन्या चालीरीती कशाला, हैफातच कुठेतरी कापून टाका. “पण एझरा म्हणाला की जावळ साफेदला करायचं,” दफना म्हणाली. “तुमच्या दुकानात. शुक्रवारी सकाळी येतो, दुपारी निघू.” मग ती थांबली. मसऊद साखर जोखायचं सोडून ऐकत होता. “आबा, त्याने दोन गोष्टी सांगायला सांगितल्यात. लांब बटा ठेवायच्या नाहीत, फक्त कल्ले. आणि तुम्ही कापाल तेव्हा तो शेजारी उभा राहणार.”

“राहू दे की उभा,” ओवादिया म्हणाला. “दुकान त्याच्याच बापाचं आहे.” आणि फोन ठेवल्यावर तो मसऊदच्या पोत्यावर बसून राहिला. मुलगा आपल्यावर पहारा ठेवणार, याचं त्याला वाईट वाटलं नाही असं नाही. पण तो येतो म्हणाला होता. पोराचं डोकं पुन्हा या हाताखाली द्यायला तयार झाला होता. आता या वेळी काही बिनसलं तर पुढे कधीच जमायचं नाही, हे ओवादियाला पक्कं कळत होतं.

पुढचे दिवस तो कुणाला एक वाकडा शब्द बोलला नाही. लोकांना काळजी वाटायला लागली. मसऊदने सुलतानाला बाजूला घेऊन विचारलं, तब्येत बरी आहे ना? ओवादियाने कात्रीला धार लावली, पुन्हा लावली, ओल्या कागदावर चालवून बघितली. माळ्यावरची फळी काढून धुतली, उन्हात वाळवली, कुसळ लागू नये म्हणून घासली. “राजा येतोय का कुठला?” सुलताना म्हणाली, पण ती स्वतः तीन दिवस आधीपासून खजूर आणि बदाम कुटत बसली होती. दुपारी निघणार म्हणून सांगितलेल्या माणसांसाठी तिने शब्बाथच्या दोन्ही जेवणांचं सामान भरलं. ओवादियाने ते बघितलं आणि पिशव्या उचलून आत नेल्या.

एका संध्याकाळी तिने त्याला आरशासमोर उभं राहून पुटपुटताना पकडलं. त्याने मोठं भाषण जुळवलं होतं. त्यात सैन्य होतं, बापाचं मन होतं, त्या दिवशीची गर्दी होती. सुलतानाने दारातूनच ऐकून घेतलं. “अहो, एवढं कशाला?” ती म्हणाली. “चुकलं म्हणा, आणि गप्प बसा. गप्प बसणं तेवढं जमवा.”

शुक्रवारी सकाळी ते आले. ओवादियाला वाटलं होतं घरचेच चार लोक असतील, पण शुक्रवार तो शुक्रवार. बाक भरलेला, दोघं दाराला टेकून, मसऊद दुकान पोरावर सोडून आलेला, शाऊलमामा धुतलेला सदरा घालून मानाच्या जागी. शब्बाथच्या आधी केस कापायला आलेल्या प्रत्येकाला आज थांबावं लागेल असं ओवादियाने सांगितलं होतं, आणि कुणी कुरकुरलं नाही. सात वर्षांपूर्वी त्या बाकावर बसलेले दोघंतिघं आजही होतेच.

एझरा दारातून आत आला आणि उंबऱ्याजवळच थांबला. केस पाठीवर, दाढी दाट, हात बंदरातल्या माणसाचे. त्याच्या कडेवर योताम. तांबूस केसांच्या लाटा पार त्याच्या कमरेपर्यंत, आणि एका मुठीत बापाचे केस घट्ट धरलेले. ओवादियाने आठवडाभर घोकलेलं भाषण त्या एका क्षणात उडून गेलं. “रस्त्यात गर्दी होती?” त्याने विचारलं.

“होती,” एझरा म्हणाला.

सुलतानाने रीतीप्रमाणे पाटी आणली. पाटीवर मोठी अक्षरं, अक्षरांवर मध. मुलाने चाटायचा, म्हणजे शिकणं गोड लागतं. योतामने पहिलं अक्षर चाटलं, दुसरं चाटलं, पाटी संपवली आणि आणखी मागितली. सगळे हसले, मुलगा विद्वान होणार म्हणाले. पण फळीवर बस म्हटल्याबरोबर विद्वानाने बापाच्या मानेला मिठी मारली. साखरेतले बदाम झाले, मांजर दाखवून झालं, शाऊलमामाने चष्मा काढून दिला. काही उपयोग झाला नाही. दफना त्याच्या कानात काहीतरी समजावत राहिली. ओवादिया खुर्चीमागे कात्री पाठीशी लपवून उभा होता. पोराला ओढून बसवायचं नाही हा त्याचा नेम, आणि आज तर तो मेला असता तरी बसवलं नसतं.

“दुखतं?” योतामने त्याला लांबूनच विचारलं.

“केसांना दुखत नाही, राजा,” ओवादिया म्हणाला. “कात्री गार लागते थोडी. तेवढंच.”

योतामने यावर विचार केला. मग बापाचे केस ओढून त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं. “बाबा, तुझे केस कोण कापतं?”

“कुणी नाही.”

“का?”

बाकावरचे लोक आपापल्या चपलांकडे बघायला लागले. दफनाला सगळं माहीत नसावं, कारण तीही उत्तर ऐकायला थांबली. सुलताना पाटी हातात घेऊन दारातच उभी राहिली. ओवादियाला वाटलं, आता बोलायला हवं. पाठीमागे कात्री या हातातून त्या हातात गेली.

योतामने फार वाट बघितली नाही, त्या वयात कुणी बघत नाही. “आधी बाबाचे,” तो म्हणाला, “मग माझे.”

शाऊलमामा एकटाच हसला आणि कुणी हसत नाही हे कळल्यावर गप्प झाला. दफना घाईने म्हणाली की राहू दे, हट्टाला पेटलाय, आपण हैफालाच बघू. एझराने मुलाला तिच्याकडे दिलं. मुलाच्या मुठीतून त्याचे केस सोडवून घ्यायला जरा वेळ लागला. ओवादियाने कात्री खाली ठेवली. गेले, त्याच्या मनात आलं, आता हे गेले.

एझरा दाराकडे वळला नाही. तो खुर्चीपाशी आला, तिच्यावरची फळी उचलली, भिंतीला टेकवून ठेवली, आणि बसला.

ओवादियाने त्याच्या अंगावर कापड टाकलं. गळ्यामागे गाठ बांधून त्याने ती दोनदा तपासली, आणि हे सगळ्या बाकाने पाहिलं. आरशात एझरा सरळ समोर बघत होता. दोन्ही हात कापडाखाली, खुर्चीच्या हातांवर घट्ट. ओवादियाने मशीनला हात लावला नाही, कात्रीलाही नाही. त्याने खिशात हात घातला आणि निळा दोरा काढला. एझराच्या उजव्या कानशिलावरचे केस फणीने सोडवले, वेगळे केले, दोरा गुंडाळला, गाठ मारली. मग डाव्या बाजूला.

“हे कशाला?” आईच्या कडेवरून योतामने विचारलं.

शाऊलमामाला आपली वेळ कळत होती. “माझ्यामुळे,” त्याने हात वर केला. “एकदा मेरोनला, ऊन डोळ्यांवर...”

“नाही, शाऊल,” ओवादिया म्हणाला. “तुझ्यामुळे नाही. इतकी वर्षं मी तुझं नाव उगाच घेतलं.” तो योतामला सांगत होता, पण बघत होता आरशात. “हा दोरा माझ्यासाठी आहे, राजा. कुठे थांबायचं ते माझ्या हाताला दिसावं म्हणून. एकदा तो थांबला नव्हता.”

आता तोंड उघडलंच होतं, तर राहिलेलंही बोलून टाकायचं ओवादियाने ठरवलं.

“तू ठेवले होतेस, एझरा,” तो म्हणाला. “तू बरोबर ठेवले होतेस. चुकलं ते माझं.”

आणि मग, सुलतानाने सांगितल्याप्रमाणे, तो गप्प बसला. आयुष्यात पहिल्यांदाच गप्प बसला असेल. एझराने आरशातून नजर वर उचलली आणि बापाकडे बघितलं. त्याचे डोळे भरले होते. कापडाखाली अडकलेले हात त्याला वर काढता येईनात, म्हणून त्याने डोळे तसेच राहू दिले.

“किती ठेवू?” ओवादियाने विचारलं. हा प्रश्न तो रोज येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचा. या मुलाला त्या दिवशी तेवढा विचारला नव्हता.

“तुम्ही शिकवलं होतं तेवढे,” एझरा म्हणाला. “हाडापर्यंत.”

कात्री चालू लागली. ओवादियाने इतका वेळ कुठल्याच डोक्यावर घेतला नसेल. इतक्या वर्षांचे केस जमिनीवर पडत गेले, आणि योताम आधी काळजीने, मग कुतूहलाने, मग आईच्या कडेवरून उतरून अगदी जवळ येऊन बघू लागला. पडलेली एक लांब बट त्याने उचलली, मांजराला दाखवली. बापाचं तोंड केसांतून हळूहळू बाहेर आलं तसं त्याने हात लावून बघितलं, आणि मग स्वतःच फळी ओढायला लागला.

फळीवर योताम बसला. ओवादियाने त्याच्या कानशिलांवर दोरे बांधले. कपाळावरची पहिली बट कापायचा मान ओवादियाने एझराला दिला, दुसरा शाऊलमामाला. “दोऱ्याच्या आतलं देवाचं, शाऊल,” ओवादिया म्हणाला. “आणि बाहेर कुठे काय आहे ते मी बोटाने दाखवतो.” इतकी वर्षं फुकट बदनाम झालेला शाऊलमामा आज जरा तोऱ्यात होता. त्याने चष्मा पुसला, दोनदा पुसला, आणि बट अगदी बरोबर कापली. मग मसऊद, मग बाकावरचे एकेक जण. शब्बाथसाठी स्वतःचे केस कापून घ्यायला आलेल्यांनी पोराचे कापले आणि त्यांचे तसेच राहिले. शेवटी ओवादियाने ते कुरतडलेलं डोकं नीट केलं. कल्ले ठेवले, हाडापर्यंत, बोट लावून. योताम आरशात स्वतःकडे बघत राहिला आणि म्हणाला, “हा कोण?”

ऊन पायऱ्यांवरून खाली सरकलं होतं. दफनाने घड्याळाकडे बघितलं. निघायचं तर आत्ताच निघायला हवं होतं, नाहीतर वाटेत शब्बाथ लागला असता. सुलताना पाटी धुवायच्या निमित्ताने आतल्या दारापाशी घोटाळत होती. ओवादियाने नातवाच्या कानशिलांवरचे दोरे कापले, नातवाच्या हातात दिले. मग तो एझराकडे वळला. त्याचे दोरे अजून तसेच होते. निळी टोकं कानासमोर लोंबत होती आणि एवढा मोठा माणूस थोडा वेंधळा दिसत होता. ओवादियाने उजवीकडची गाठ फणीने वर केली आणि कात्री तिच्याखाली नेली.

एझराने त्याचं मनगट धरलं.

“राहू द्या आबा,” तो म्हणाला. “उद्या काढा. तारे दिसल्यावर.”

ओवादियाने कात्री मिटली. हात तसाच मुलाच्या हातात राहिला. आतल्या खोलीत सुलतानाने भांड्यावरचं झाकण काढलं, आणि दफना तिच्या मदतीला आत गेली.

बाकावरून मसऊद उठला आणि हळूच म्हणाला की शब्बाथला अजून वेळ आहे, तर त्याचं तेवढं डोकं जमलं तर. ओवादियाने त्याच्याकडे वळून पाहिलं, नाक पुसलं, आणि त्याच्या मानेवरचे केस दोन बोटांत धरले.

“हे कुणी केलं?” त्याने विचारलं. “मेंढ्या कातरणारा होता का?”

“तूच केलंस,” मसऊद म्हणाला, आणि खुर्चीत बसला.